थंड नाणं

ॲडव्हेंटच्या आधीच्या रविवारी आई पुडिंग ढवळते.
पूर्वेकडून पश्चिमेकडे, लाकडी चमच्याने,
आणि घरातल्या प्रत्येकाने एकदा हात लावायचाच.
क्लाइव्ह लीड्सला, म्हणून मी त्याचा आवाज असलेला फोन
चमच्याच्या दांड्याला टेकवते. चालतं तेवढं.
मनुका, बेदाणे, काळी साखर, कुसकरलेला पाव,
किसलेली गाईची चरबी, संत्र्याची साल,
आणि काळ्या बिअरची अर्धी बाटली.
उरलेल्या अर्धीचं काय होतं
ते आम्ही विचारत नाही.

सगळ्यात शेवटी सहा पेन्सचं नाणं.
आईच्या आईचं. राजाचं नाक झिजून सपाट झालंय.
ज्याच्या घासात येईल त्याचं वर्ष बरं जातं,
मग धुऊन पुसून ते परत ड्रॉवरमध्ये.
नशीब ठेवून घ्यायचं, नाणं नाही.

आमच्या खोऱ्यात पंचवीस तारखेला साडेतीनलाच दिवे लागतात.
स्वयंपाकघराच्या काचा सकाळपासून घामेजलेल्या,
पातेल्यात पुडिंगची वाटी खुडखुडत होती,
ओव्हनमध्ये हंस तडतडत होता आणि त्याच्या चरबीत बटाटे.
क्लाइव्ह स्प्राउटच्या बुडाला सुरीने फुल्या पाडत बसला.
का पाडायच्या, कुणालाच ठाऊक नाही.
आई म्हणते, नाहीतर सैतान आत शिरतो.
दुधात लवंगा टोचलेला कांदा
लहानशा साळिंदरासारखा पोहत होता.

"पार्सनिप घातलेस का?" आईने विचारलं.
घातले, म्हटलं.
"पार्सनिप घातलेस का?"
हो, आई.
तिसऱ्यांदा तिने विचारलं तेव्हा
क्लाइव्हने सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.
मी ओव्हनचं दार उघडून आत पाहिल्यासारखं केलं.
"घातले," म्हटलं. "छान लाल होतायत."

शेजारचे मिस्टर ऑलरॉइड शेरी घेऊन आले,
बायको गेल्यापासूनचा हा चौथा नाताळ,
आणि फटाक्यातून निघालेला जांभळा कागदी मुकुट
त्यांच्या भुवयांवर घसरत राहिला; त्यांनी तो काढला नाही.
टॅबिथाने तिच्या वाटणीचे स्प्राउट
एकेक करून खिशात घातले. मी पाहिलं. मीही घालायचे.
फटाक्यातला विनोद क्लाइव्हने दोनदा वाचला,
दोन्ही वेळा फक्त तोच हसला.

"काड्यापेटी," आई म्हणाली.
मागच्या दाराशेजारचा तो ड्रॉवर,
जिथे फटीतून वारा येतो.
काड्यापेटी होती.
आणि तिच्याशेजारी, नाक झिजलेला,
राजा.

मी किती वेळ उभी होते कोण जाणे.
"सापडत नाही का?" आतून आवाज आला.
सापडली, म्हटलं.

दिवे मालवले. ब्रँडी ओतली, काडी ओढली,
आणि पुडिंगवरून निळी ज्वाळा
पाण्यासारखी खाली ओघळली.
सगळ्यांचे डोळे तिकडे.
टॅबिथाच्या बशीत सरकवावं, असं मी ठरवलं होतं.
लहान आहे, तिला वर्षं लागतील पुष्कळ.
पण अंधारात हात आईच्या बशीकडे गेला.

दुसऱ्या घासाला ती थांबली.
दोन बोटांनी नाणं काढलं.
ऑलरॉइडनी टाळी वाजवली, मुकुट डोळ्यांवर आला,
टॅबिथा ओरडली, "आजी! काय मागितलंस?"
आई नाणं तळहातावर घेऊन बघत बसली.
अंगठ्याने राजाच्या गालावरचं क्रीम पुसलं.

मग माझ्याकडे झुकली,
मला एकटीला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाली,
"सकाळपासून वाफेत होतं ना ते?
बघ, किती थंड आहे."

मी काहीच बोलले नाही. काय बोलणार?
तिने मूठ मिटली, मांडीवर ठेवली,
आणि दुसऱ्या हाताने ब्रँडी बटरची वाटी
ऑलरॉइडकडे सरकवली. घ्या, संकोच करू नका.

खूप वेळाने, बश्या विसळताना,
पाठमोरीच म्हणाली,
"पार्सनिप छान झाले होते.
घातलेस, ते बरं केलंस."